एक गुंठा, चार बाजू आणि शिक्षणाचा हेतू

हडपसरहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगा आठवीत, शाळा सीबीएसईची. शाळेने नववीपासून जेईईचा 'फाउंडेशन' वर्ग शाळेच्याच वेळेत घ्यायचं ठरवलं आहे, त्याची फी वेगळी. मुलाचा गृहपाठ चॅटजीपीटी करतं आणि त्याला पूर्ण मार्क मिळतात. यांच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी घेतलेली इंजिनिअर पोरं आता कामाविना बसून आहेत. "मग बाई, शिकायचं तरी कशासाठी? आणि याला त्या वर्गाला घालू की नको?" शिवाय शेवटी एक तक्रार: अभ्यास सोडून घरातला मिक्सर उघडून बसतो.

मी ३३ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. पहिली ११ महापालिकेच्या शाळेत, पुढची एका अनुदानित शाळेत. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची भीड बाळगायचं कारण नाही. आधी सरळ उत्तर देते: नववीत त्या वर्गाला घालू नका. अकरावीत त्याला स्वतःला वाटलं तर जरूर घाला. हे असं का, ते मात्र दोन ओळींत सांगता येणार नाही.

शाळेकडून आपण दोन कामं करून घेतो. एक शिकवण्याचं, दुसरं निवडण्याचं. गेल्या तीसेक वर्षांत दुसऱ्याने पहिल्याला खाल्लं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. निवड वाईट असते असं मी म्हणत नाही. जागा कमी आणि माणसं जास्त असली की चाळणी लावावीच लागते. २०२४ साली नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला, २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे त्या परीक्षेचं काम काय, तर २३ जणांतल्या बावीस जणांना बाहेर ठेवणं. ते काम ती चोख करते. पण अशा परीक्षेसाठी काढलेला प्रश्न 'तुला हे कळलं का' असं विचारत नाही. 'शेजारच्याच्या आधी तुला हे सुटलं का' एवढंच विचारतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. सतराव्या वर्षी दुसरा प्रश्न सोसता येतो. तेराव्या वर्षी तोच रोज कानावर पडला, तर पोराला पहिला प्रश्न असतो हेच कळेनासं होतं.

आता एक गोष्ट सांगते. बरीच वर्षं झाली. आठवीचा वर्ग, क्षेत्रफळाचा धडा. समलंब चौकोन, समभुज चौकोन, हिरोचं सूत्र (तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं), सगळं फळ्यावर झालेलं. मधल्या सुट्टीत एक मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. वडील रिक्षा चालवायचे, फुरसुंगीच्या बाजूला गुंठाभर जागा घ्यायचं घरात चाललं होतं. एजंटने सांगितलं होतं, चारी बाजू ३३ फूट, तेहेतीस गुणिले तेहेतीस, १०८९ चौरस फूट, बरोबर एक गुंठा. बाजू कमीजास्त असल्या तर समोरासमोरच्यांची सरासरी काढायची आणि गुणायचं, हा त्यांचा नेहमीचा हिशोब. पोरगं म्हणालं, "बाई, पण ती जागा तिरकी आहे. रस्ता तिरका गेलाय ना."

मी त्याला म्हटलं, रविवारी जाऊन एक कर्ण मोजून आण. सोमवारी तो चिठ्ठी घेऊन आला: ३६ फूट. जागा काटकोनात असती तर कर्ण ४७ फुटांच्या जवळ यायला हवा होता. ३३, ३३, ३६ असे दोन त्रिकोण झाले. हिरोच्या सूत्राने त्याने स्वतः काढलं: दोन्ही मिळून ९९६ चौरस फूट. म्हणजे ९३ चौरस फूट कमी. "बाई, नऊ बाय दहाची खोली गेली की!" हे त्याचं वाक्य आहे, माझं नव्हे.

एजंटचा हिशोब अमुक एका जागेपुरता चुकीचा होता असं नाही. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणलं, की आयत किंवा चौरस सोडून प्रत्येक चौकोनाचं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा जास्तच येतं. कमी कधीच येत नाही. म्हणजे या रीतीने घेणारा नेहमी बुडतो आणि विकणारा कधीच बुडत नाही. वर्गाला हे पटवायला मी चार आगकाड्या आणि सायकलच्या वॉलट्यूबचे चार तुकडे घेतले. त्याचा चौरस करून कोपरा हलकेच दाबला, की चौरस आडवा होत जातो. बाजू त्याच राहतात आणि आतली जागा डोळ्यांसमोर आटत जाते. ही युक्ती माझी नाही. आपल्या पुण्यातच टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात गेले, आणि तिथे काड्या-वॉलट्यूबची ही खेळणी त्यांनी केली. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. खर्च काही नाही. लागतो तो वेळ. आणि शाळेत वेळच नसतो, कारण पोर्शन संपवायचा असतो.

त्या मुलाच्या वडिलांनी व्यवहार मोडला नाही, भाव पाडून घेतला. एजंट म्हणे त्याला 'वकीलसाहेब' म्हणायला लागला. याच मुलाला त्याच धड्याच्या चाचणीत २० पैकी ११ मिळाले होते. पायऱ्या गाळल्या, एकक लिहिलं नाही, म्हणून गुण कापले होते. कापणारी मीच. तो पेपर मी बराच काळ कपाटात ठेवला होता. माझ्या हातून चाळणीचं काम चोख झालं होतं आणि शिकवण्याचं काम मधल्या सुट्टीत, योगायोगाने.

आता तुमचा मोठा प्रश्न: शिकायचं कशासाठी? पुण्यात बसून हा प्रश्न नवा आहे असं म्हणायला जीभ धजत नाही. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत, भिडे वाड्यात. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं तेही इथेच, आणि महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं. या सगळ्यांचं आपसांत पटत होतं असं मुळीच नाही. शिक्षण कुणासाठी आणि कशासाठी, यावर कडाक्याची भांडणं होती. पण भांडणाचा विषय तोच होता, 'कटऑफ किती लागला' हा नव्हता.

त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगायचे. ऑक्टोबर १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, जोतिबांनी पुण्याहून लेखी निवेदन दिलं. मुलांना निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी बऱ्याच जणांना ठाऊक असते. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, हेही ठाऊक असतं. त्यांनी अभ्यासक्रम सुचवला होता तो मात्र फारसा कुणी वाचत नाही. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. आणि शिक्षक कसा हवा? शेतकऱ्यांच्यात मिसळणारा, प्रसंग पडला तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा.

वाकस धरायला न लाजणारा मास्तर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस 'दप्तराविना' सांगितले आहेत. मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ जाऊन शिकायचं. १३८ वर्षांनी आपण पुन्हा सुतारापाशी आलो, तेही वर्षातून नव्हे, तीन इयत्तांत मिळून दहा दिवसांसाठी. हसावं की आनंद मानावा, मला कळलेलं नाही.

मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची परिषद झाली. हस्तोद्योगाच्या आधाराने सगळे विषय शिकवायचे, असा तो विचार. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तो धागा 'कार्यानुभव' म्हणून पुढे नेला. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. आणि त्या कार्यानुभवाचं शाळांनी काय केलं? तुम्ही पुण्यात शिकला असाल तर आठवत असेल: घोटीव कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर (ते आईने केलेलं), आणि बाकीच्या तासांना 'आज कार्यानुभव नाही, गणिताची वही काढा'. ती वही मीही काढायला लावली आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत ज्याला वजन नाही, त्याला वेळापत्रकात जीव राहत नाही. आयोग कितीही थोर असो, चाळणीपुढे त्याचं काही चालत नाही.

चालून दाखवलं ते पाबळला. शिरूर तालुक्यातल्या या पाणीटंचाईच्या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. चांगली संशोधकाची नोकरी सोडून आलेले गृहस्थ. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं: वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया. तेही गावाला लागणारं काम, गावाकडून पैसे घेऊन. पैसे आले की मापं चुकवून चालत नाही. मुलगा गेट वेल्ड करतो तेव्हा काटकोन खरंच नव्वद अंशांचा लागतो, नाहीतर गेट बसत नाही आणि घरमालक पैसे देत नाही. परीक्षक तडजोड करतो, बिजागरी करत नाही.

इथे थांबले असते तर माझं उत्तर छान गुळगुळीत झालं असतं. पण एक बाई आठवते. येरवड्याच्या बाजूला चार घरची धुणीभांडी करायची. पालकसभेत मी मोठ्या उत्साहाने सांगत होते, की मुलींना शिवण, स्वयंपाकाचं विज्ञान, घरगुती दुरुस्त्या शिकवणार आहोत. ती शांतपणे म्हणाली, "बाई, काम मी शिकवीन तिला. तुम्ही इंग्रजी शिकवा."

त्या दिवसापासून 'जीवनोपयोगी शिक्षण' हा शब्द मी जपून वापरते. कोणाचं जीवन आणि कोणाला उपयोगी, हे विचारल्याशिवाय वापरतच नाही. मद्रास प्रांतात १९५३ मध्ये तिथले मुख्यमंत्री राजाजी (सी. राजगोपालाचारी) यांनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस आईबापांच्या धंद्यात, अशी योजना आणली होती. चांभाराच्या पोराला चांभारच ठेवायचा बेत म्हणून तिला कडाडून विरोध झाला आणि वर्षाभरात ती मागे गेली. तो विरोध बरोबरच होता. जोतिबांना शेतकऱ्याचं पोर शेतातच राहायला नको होतं, त्याला हिशोब कळून कुळकर्ण्याच्या वहीतली लबाडी वाचता यायला हवी होती. आमच्या वर्गातल्या गुंठ्यासारखंच. हाताचं काम तुमच्या मुलाला गंमत म्हणून आणि धुणंवालीच्या मुलीला नशीब म्हणून, अशी वाटणी झाली तर त्यापेक्षा फळा-खडू बरा. त्या मुलीसाठी दहावीची गुणपत्रिका ही एकमेव शिडी असू शकते. म्हणून 'मार्कांना काही अर्थ नसतो' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बहुधा त्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर असतात.

मार्कांना अर्थ आहे. फक्त शाळेच्या दहा वर्षांत तो अर्थ शेवटच्या वर्षापुरता असावा आणि बाकीची नऊ वर्षं शिकवण्याला मोकळी असावीत, एवढंच माझं म्हणणं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हेच करू पाहिलं. आठवीपर्यंत नापास नाही, सतत आणि सर्वंकष मूल्यमापन. कल्पना चांगली, पण आमच्या हातात आल्या त्या वर्णनात्मक नोंदींच्या वह्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या प्रगतीबद्दल वाक्यं लिहायची. बाजारात तयार वाक्यांच्या पुस्तिका आल्या. 'गटकार्यात सहकार्य करतो' हे मी एका वर्षात चाळीस जणांबद्दल लिहिलं आहे, त्यातले निदान सहा जण एकमेकांचे डबे पळवत होते. मग २०१९ मध्ये कायदा बदलला आणि पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना परत मिळाली. दरम्यान 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचे आकडे सांगतच राहिले, की ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही. पास करून ती वाचायला लागली नाहीत, नापास करूनही लागणार नाहीत. त्यांना कुणीतरी शेजारी बसवून वाचायला शिकवावं लागेल.

आता चॅटजीपीटीकडे येते, कारण तुमच्या मनातली खरी धास्ती तीच दिसते. मला तिची भीती कमी वाटते आणि मजा जास्त. जो गृहपाठ यंत्र दहा सेकंदांत करतं आणि ज्याला बाई पूर्ण मार्क देतात, तो गृहपाठ आधीही कुणाच्या तरी गाइडातूनच उतरत होता. यंत्राने आमची लबाडी उघडी पाडली, बस. मुद्दा दुसराच आहे. यंत्र त्या एजंटसारखं बोलतं: सफाईदार, न अडखळता, आकडे तोंडावर. बहुतेक वेळा बरोबरही असतं. कधी चुकेल हे त्याच्या आवाजावरून कळत नाही. मग तुमच्या मुलाकडे काय असायला हवं? 'पण ती जागा तिरकी आहे' असं वाटण्याची सवय. ती उत्तरांतून येत नाही. कधीतरी स्वतः मोजून, चुकून, पुन्हा मोजून येते. आणि नववीपासून रोज सहा तास दीड मिनिटाला एक प्रश्न अशा वेगाने पर्याय निवडणाऱ्या मुलात ती यायला जागाच राहत नाही. म्हणून तो वर्ग नको म्हटलं.

घरी काय करता येईल? यंत्रावर बंदी घालू नका, ते तुमच्याच्याने व्हायचं नाही. एकच नियम करा: विचारण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. गणित असेल तर उत्तर साधारण किती येईल, इतिहास असेल तर कारण काय असावं. मग विचारायचं. मग दोन्हींत फरक का पडला ते एका ओळीत. सुरुवातीला कंटाळेल. महिनाभराने यंत्राला कोंडीत पकडायला लागेल, मी नातवावर करून पाहिलं आहे. दुसरं, त्याच्या वह्या चाळा. ज्या गणिताच्या वहीत एकही खाडाखोड नाही ती वही त्याने लिहिलेली नाही, उतरवलेली आहे. विजेचं बिल त्याच्यासमोर ठेवा आणि युनिट वाढले की दर का बदलतो ते त्याला तुम्हाला समजावून सांगू द्या. मराठीतच, कारण कळल्याचं सोंग मातृभाषेत लवकर उघडं पडतं. सीबीएसईत असला तरी त्याच्या हाताला बालभारतीचं पुस्तक लागलं तर वाईट नाही. आठवीचा क्षेत्रफळाचा धडा अजूनही चांगला आहे.

तुमच्या कंपनीतल्या त्या पोरांबद्दल मला फार कळत नाही. पण ती शिकली म्हणून बसून आहेत असं नसावं. चारही वर्षं ती एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीकडे गेली, मधे कुणी काही शिकवलं का, हे त्यांनाच विचारा. तुम्ही त्यांच्याबरोबर बसता, एखाद्याला चहाला घेऊन जा.

राहता राहिला मिक्सर. उघडू द्या. फक्त आधी प्लग काढलाय ना, ते तुम्ही स्वतः बघा आणि स्क्रू ठेवायला एक वाटी द्या. चालू केल्यावर आत ठिणग्या जास्त दिसत असतील किंवा मधूनच बंद पडत असेल, तर बहुधा कार्बन ब्रश झिजले आहेत. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जोडी मिळते, फार महाग नसते. त्यालाच पाठवा, आणि जुने ब्रश बरोबर न्यायला सांगा. मापं वेगवेगळी असतात, नुसतं मिक्सरचं नाव सांगून दुकानदार देत नाहीत.